मधुमेहावरच्या संशोधनाची बातमी कशी तपासून घ्यावी : पेशीपासून रुग्णापर्यंत

मधुमेहासोबत माणसाला वीस-तीस वर्षे काढावी लागतात, आणि त्या सगळ्या काळात पथ्य, औषधांचा खर्च आणि पायांना येणाऱ्या मुंग्या यांच्या जोडीला मनात एक आशाही असते की यावर कुणीतरी कुठेतरी कायमचा इलाज शोधत असेल. ही आशा रास्त आहे, कारण संशोधन खरोखरच चालू आहे आणि त्यातून गेल्या काही वर्षांत रुग्णांच्या हाती प्रत्यक्ष काही लागलेही आहे. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना, म्हणजे ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे. नाशिकमध्ये हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाच्या जॉगिंग ट्रॅकवर पहाटे फिरणाऱ्यांशी बोलले, तर साखर, इन्सुलिन आणि नव्या गोळ्या हे विषय निघाल्याशिवाय राहत नाहीत. अडचण येते ती पुढे. बातमीत ‘शास्त्रज्ञांना यश’ असे लिहिलेले असते आणि वाचणाऱ्याला ठरवायचे असते की यातले माझ्या आईच्या किंवा माझ्या उपयोगाचे काय आहे. पुढे सांगितलेली रीत रुग्णाच्या घरच्यांसाठी आहे, आशासेविकांसाठी आहे, आणि म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत शिकणाऱ्या त्या मुलामुलींसाठीही आहे, ज्यांना घरी गेल्यावर ‘हे खरं आहे का रे?’ असा प्रश्न हमखास विचारला जातो.

या रीतीचा गाभा एवढाच की दावा वाचण्याआधी मोजमाप शोधावे. संशोधकांनी नेमके काय मोजले आणि ते कुणावर मोजले, हे कळले की दाव्याची मजल आपोआप ठरते. काचेच्या ताटलीतल्या पेशींवर मोजलेली गोष्ट पेशींपुरतीच सिद्ध झालेली असते. उंदरावरची उंदरापुरती, रक्तातल्या आकड्याची त्या आकड्यापुरती. रुग्ण जास्त जगला का, त्याची नजर टिकली का, डायलिसिसची वेळ लांबली का, हे प्रत्यक्ष मोजले असेल तरच त्याविषयी बोलता येते.

मूळ शोधनिबंधापर्यंत पोहोचणे

बातमीत संशोधन-पत्रिकेचे नाव, संस्थेचे नाव किंवा किमान वर्ष तरी आहे का, ते पाहावे. यांतले काहीच नसेल तर त्या बातमीवर अधिक वेळ घालवू नये. नाव असेल तर ‘पबमेड’ या मोफत संकेतस्थळावर औषधाचे आणि आजाराचे नाव घालून शोध घेता येतो. तिथे शोधनिबंधाचा सारांश इंग्रजीत असतो, पण त्यातली भाषा ठरावीक साच्याची असल्याने विज्ञान शाखेतला कोणताही विद्यार्थी तो घरच्यांना समजावून सांगू शकतो. सारांशातला शेवटचा, निष्कर्षाचा परिच्छेद आधी वाचण्याचा मोह टाळावा. आधी पद्धतीचा भाग वाचावा आणि कागदावर चार गोष्टी टिपून घ्याव्यात : अभ्यास कशावर किंवा कुणावर झाला, किती जणांवर झाला, किती काळ चालला आणि तुलना कशाशी केली. या चार नोंदींतच पुष्कळ बातम्यांचा निकाल लागतो.

पेशींवरचे संशोधन कसे वाचावे

पेशींवरच्या कामाला कमी लेखण्याचे कारण नाही, कारण इन्सुलिन तयार करणारी बीटा पेशी थकते कशी आणि मरते कशी, हे रुग्णाच्या स्वादुपिंडात डोकावून कळत नाही. ते प्रयोगशाळेतच शोधावे लागते. परंतु त्या पेशी कोणत्या आहेत हे माहीत असावे. बीटा पेशींवरच्या अनेक प्रयोगांत आयएनएस-१ किंवा एमआयएन-६ नावाच्या पेशी वापरल्या जातात. त्यांतल्या पहिल्या उंदीर-घुशीच्या कुळातल्या ‘रॅट’ या प्राण्याच्या स्वादुपिंडातील गाठीपासून मिळवलेल्या आहेत आणि दुसऱ्या उंदराच्या. गाठीतून आलेल्या असल्यामुळे त्या वाढत राहतात आणि प्रयोगाला सोयीच्या पडतात, पण माणसाच्या शरीरातली बीटा पेशी तशी वाढत राहत नाही.

दुसरी गोष्ट त्या पेशी ज्या द्रवात वाढवतात त्याची. डीएमईएम हा सर्रास वापरला जाणारा द्रव आहे, आणि त्याच्या जास्त साखरेच्या प्रकारात एका लिटरला ४.५ ग्रॅम ग्लुकोज असते. आपल्या रक्ततपासणीच्या भाषेत ते ४५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर झाले. म्हणजे ज्या पातळीला रुग्णाचे नातेवाईक घाबरून दवाखाना गाठतील, त्या पातळीत कित्येक प्रयोगांतल्या पेशी रोजच राहतात. शिवाय ताटलीत आतडे नसते, यकृत नसते, मूत्रपिंड नसते. औषध थेट पेशीवर पडते. तोंडाने घेतलेला पदार्थ पेशीपर्यंत पोहोचेपर्यंत त्याचे काय होते, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही, आणि अनेक दावे नेमके याच ठिकाणी कोसळतात.

याचे उदाहरण आपल्या जिल्ह्याशी जवळचे आहे. द्राक्षाच्या सालीत रेझव्हेरॅट्रॉल नावाचे द्रव्य असते आणि ‘द्राक्षाने मधुमेह बरा होतो’ अशा मजकुरांच्या मुळाशी बहुधा तेच असते. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या भागांत द्राक्ष हे घरोघरचे पीक असल्याने असा मजकूर इथे आनंदाने पुढे पाठवला जातो. आता वरची रीत लावून पाहू. २००६ मध्ये ‘नेचर’ या पत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मध्यमवयीन उंदरांना भरपूर चरबीचा आहार देऊन त्यासोबत रेझव्हेरॅट्रॉल दिले गेले. त्या उंदरांवर इन्सुलिनचा परिणाम सुधारला आणि ते तसाच आहार घेणाऱ्या इतर उंदरांपेक्षा जास्त जगले. हे निष्कर्ष महत्त्वाचे होते. पण डोस होता दर किलो वजनाला दिवसाला सुमारे २२ मिलिग्रॅम. उंदराचा डोस माणसासाठी मोजताना संशोधक तो साधारण बाराने भागतात. तरीही ६० किलोच्या माणसाला रोज शंभराहून अधिक मिलिग्रॅम लागतील, आणि रेड वाइनच्या एका लिटरमध्ये हे द्रव्य काही मिलिग्रॅमच असते. खाण्याच्या द्राक्षांतही ते अल्पच असते. उलट १०० ग्रॅम द्राक्षांत साखर मात्र १५ ग्रॅमच्या आसपास असते.

गोळीच्या रूपात मोठा डोस दिला तरी प्रश्न सुटत नाही. रेझव्हेरॅट्रॉल आतड्यातून शोषले जाते, पण आतडे आणि यकृत त्याचे इतक्या झपाट्याने रूपांतर करतात की मूळ रूपातले द्रव्य रक्तात अत्यल्प उरते. माणसांवर काय झाले तेही तपासता येते. इटलीत टाइप २ मधुमेहाच्या १९२ रुग्णांवर सहा महिने चाललेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४० किंवा ५०० मिलिग्रॅमच्या रोजच्या डोसने साखरेच्या नियंत्रणात उपयोगाचा फरक दिसला नाही. पेशी, उंदीर आणि माणूस असा हा प्रवास एका कागदावर मांडला की मजकूर पाठवणाऱ्या शेजाऱ्याला न दुखावता उत्तर देता येते. द्राक्ष चांगले फळ आहे, मधुमेह असलेल्याने ते डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ सांगतील तेवढेच खावे, आणि ते औषध म्हणून खाऊ नये.

आकडा सुधारला म्हणजे रुग्ण सुधारला का

माणसांवरच्या अभ्यासांतही एक फरक बारकाईने पाहावा लागतो, आणि माझ्या मते सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. एचबीएवनसी हा आकडा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. लाल रक्तपेशीतल्या हिमोग्लोबिनला रक्तातली साखर चिकटते. ती पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे हे मोजले की मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर मधुमेहाचे निदान होते. हा आकडा उपयुक्त आहे, पण तो स्वतः आजाराचा त्रास नव्हे. त्रास म्हणजे हृदयविकाराचा झटका, अंधत्व, पायाची न भरणारी जखम, निकामी होणारे मूत्रपिंड.

हे दोन्ही एकाच दिशेने जातातच असे नाही, हे ‘अकॉर्ड’ नावाच्या चाचणीने दाखवून दिले. अमेरिका आणि कॅनडातल्या १०,२५१ रुग्णांचे त्यात दोन गट होते. एका गटात एचबीएवनसी ६ टक्क्यांच्या खाली आणण्याचा कसून प्रयत्न झाला, दुसऱ्यात तो ७ ते ७.९ च्या दरम्यान ठेवला. कडक नियंत्रणाच्या गटाचा आकडा अपेक्षेप्रमाणे खाली आला, पण त्या गटात २५७ मृत्यू झाले आणि दुसऱ्यात २०३, म्हणून फेब्रुवारी २००८ मध्ये कडक नियंत्रणाचा भाग मुदतीआधीच थांबवला गेला. यावरून साखरेकडे दुर्लक्ष केले तरी चालते असा अर्थ कुणी काढू नये. ब्रिटनमधील ‘यूकेपीडीएस’ या दीर्घ अभ्यासात नुकतेच निदान झालेल्या रुग्णांपैकी ज्यांचा आकडा सरासरी ७.९ ऐवजी ७ वर ठेवला, त्यांच्यात डोळे, मूत्रपिंड अशा बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती २५ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि अभ्यास संपल्यानंतरच्या दहा वर्षांत हृदयविकाराच्या झटक्यांतही फरक दिसून आला. ‘अकॉर्ड’मधले रुग्ण सरासरी ६२ वर्षांचे, अनेक वर्षे मधुमेह असलेले आणि हृदयविकाराचा धोका अधिक असलेले होते, तर ‘यूकेपीडीएस’मधले नवे रुग्ण होते. त्यामुळे ४० वर्षांच्या मुलाचे आणि ७५ वर्षांच्या वडिलांचे लक्ष्य डॉक्टर वेगवेगळे ठरवतात, तेव्हा त्यामागे हा इतिहास असतो.

नाशिक जिल्ह्यात या आकड्याबाबत आणखी एक काळजी घ्यावी लागते. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या आदिवासी भागांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो, आणि त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३ पासून चालू आहे. सिकलसेलच्या रुग्णाची लाल पेशी १२० दिवस जगत नाही, कित्येकदा काही आठवड्यांतच फुटते. तिला साखर चिकटायला वेळच मिळत नाही. समजा एखाद्या रुग्णाची उपाशीपोटी साखर पुन्हापुन्हा १८० येत आहे आणि एचबीएवनसी मात्र ५.२ दिसते. असा अहवाल हाती आला तर ‘तीन महिन्यांची सरासरी चांगली आहे’ असे म्हणून घरी जाऊ नये. तपासणी एचपीएलसी या, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या पद्धतीने झाली असेल तर अहवालासोबत बहुधा एक आलेख छापलेला असतो. त्यात हिमोग्लोबिन एसचा, म्हणजे सिकलसेलमधल्या बदललेल्या हिमोग्लोबिनचा, वेगळा उंचवटा दिसू शकतो, तो डॉक्टरांना दाखवावा. सिकलसेलचा आजार असलेल्यांमध्ये हा आकडा भरवशाचा नसतो. त्यांच्यासाठी ग्लुकोमीटरवरच्या नोंदी किंवा मागच्या दोन-तीन आठवड्यांची कल्पना देणारी फ्रुक्टोसामाइन तपासणी वापरता येते. केवळ वाहक असलेल्यांच्या पेशी बहुतेक नेहमीइतक्याच जगतात, पण प्रयोगशाळेची पद्धत त्यांच्यासाठी योग्य आहे का, हे विचारून घ्यावे. याउलट लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या रक्तक्षयात आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो, आणि आपल्याकडच्या स्त्रियांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. कोणत्याही संशोधनात एचबीएवनसी हेच मुख्य मोजमाप असेल, तर रक्ताचे असे विकार असलेले लोक त्यात घेतले होते की वगळले होते, हे पद्धतीच्या भागात शोधावे.

‘३८ टक्क्यांनी घट’ म्हणजे किती माणसे

ज्या संशोधनात रुग्णाचे पुढे काय झाले हेच मोजलेले असते, ते वाचताना टक्केवारीचे दोन प्रकार वेगळे करावेत. एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या औषधावरची २०१५ ची ‘एम्पा-रेग’ चाचणी त्यासाठी चांगले उदाहरण आहे. ७,०२० रुग्णांच्या त्या चाचणीत हृदयरोगाने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले, असे सर्वत्र छापून आले आणि ते खरेच होते. मूळ आकडे असे होते : औषध नसलेल्या साध्या गोळीच्या गटात ५.९ टक्के रुग्ण हृदयरोगाने दगावले, औषधाच्या गटात ३.७ टक्के. म्हणजे सुमारे तीन वर्षे औषध घेतलेल्या दर शंभर जणांमागे दोन जण वाचले. रुग्णाच्या दृष्टीने हा फायदा मोठाच आहे, पण ‘३८ टक्के’ वाचून मनात जे चित्र उभे राहते त्याहून तो वेगळा आहे. शिवाय त्या चाचणीतल्या रुग्णांना आधीपासून हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा विकार होता. ज्याला तसा विकार नाही, त्याला तेवढाच फायदा होईल असे या चाचणीवरून म्हणता येत नाही. म्हणून बातमीत टक्क्यांची घट दिसली की ‘कितीवरून कितीवर?’ असे विचारावे आणि ते दोन आकडे सारांशात शोधून लिहून ठेवावेत.

हे औषध पेशीपासून रुग्णापर्यंतचा पूर्ण रस्ता चाललेले आहे, म्हणून त्याचा उल्लेख थोडा लांबवतो. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचे द्रव्य १८३५ मध्ये वेगळे केले गेले. त्यामुळे लघवीतून साखर जाते हे नंतर कळले. मूत्रपिंडातल्या नलिकेच्या पेशींवर साखर परत ओढून घेणारे एसजीएलटी-२ नावाचे प्रथिन असते आणि हे द्रव्य ते अडवते, हे पेशींच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. मूळ द्रव्य आतड्यात टिकत नसल्याने त्यावरून नवी औषधे घडवावी लागली, आणि शेवटी हजारो रुग्णांवर वर्षानुवर्षे चाचण्या झाल्या. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचे भारतातले पेटंट संपल्यावर अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. मात्र स्वस्त झाली म्हणून ती स्वतःहून सुरू करू नये. जननेंद्रियांच्या जागी बुरशीचा संसर्ग आणि क्वचित प्रसंगी रक्तात आम्ल साठण्याचा गंभीर विकार या औषधामुळे होऊ शकतो, आणि म्हणूनच कडक उपवासाच्या किंवा उलट्या-जुलाबाच्या दिवसांत ती थांबवायची का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

आपल्यासारख्या लोकांवर अभ्यास झाला आहे का

पुण्यातल्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी त्यांच्या एका ब्रिटिश सहकाऱ्याबरोबर २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत दोघांचे छायाचित्र शेजारीशेजारी छापले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, २२.३ होता, पण ब्रिटिश डॉक्टरांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या मराठी माणसालाही मधुमेह का गाठतो, हे त्या छायाचित्रावरून पटकन समजते. म्हणूनच युरोपीय रुग्णांवरचे वजनासंबंधीचे निष्कर्ष इथे जसेच्या तसे लावू नयेत. भारतीयांवर झालेल्या अभ्यासांचा शोध घेतला तर ते सापडतात. चेन्नईच्या संशोधकांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांवर तीन वर्षे केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फक्त नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. आहार-व्यायामाचे नियमित मार्गदर्शन मिळालेल्यांत हे प्रमाण ३९.३ टक्के होते आणि मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांत ४०.५ टक्के. यात मोजमाप थेट आजार होणे हेच आहे, लोक आपल्यासारखे आहेत आणि उपाय आवाक्यातला आहे.

नोंदणी पाहणे, आणि चाचणीत सहभागी होण्याचा प्रसंग आल्यास

भारतात होणाऱ्या औषध-चाचण्यांची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ म्हणजे सीटीआरआय या सार्वजनिक संकेतस्थळावर असते. ती २००७ मध्ये सुरू झाली, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण दाखल करण्याआधीच नोंदणी करावी लागते. आयुर्वेदिक औषधांच्या चाचण्याही तिथे सापडतात. नोंदीत मुख्य मोजमाप कोणते, किती जण घेणार, कोणत्या शहरातल्या कोणत्या केंद्रावर आणि कोणत्या नीतिसमितीच्या मान्यतेने, हे सारे लिहिलेले असते. निकाल प्रसिद्ध झाल्यावर आधी ठरवलेले मुख्य मोजमापच पुढे ठेवले आहे की ते मागे सारून दुसरेच काही मिरवले आहे, हे ताडून पाहता येते. ‘आमच्या औषधावर संशोधन झाले आहे’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याकडे नोंदणी क्रमांक मागावा.

रुग्णालयातून चाचणीत सहभागाबद्दल विचारणा झाली, तर गोंधळून जाण्याचे कारण नाही. संमतिपत्र मराठीत मागावे, घरी नेऊन वाचावे आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. आपल्याला खरे औषध मिळेल की साधी गोळी, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते का, आताची औषधे थांबवावी लागतील का, किती वेळा रक्त देणार, आणि चाचणी संपल्यावर औषध मिळत राहील का, हे स्पष्ट विचारावे. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार आणि भरपाई मिळण्याचा हक्क आहे, आणि कोणत्याही टप्प्यावर, कारण न देता बाहेर पडता येते. त्यामुळे नेहमीच्या उपचारांत बाधा येता कामा नये. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी संमतीच्या वेळी चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार हजर असावा लागतो. दुर्गम पाड्यावरून आलेल्या रुग्णासोबत जाणाऱ्या आशासेविकेने एवढे तरी आवर्जून पाहावे.

बातमी तपासून झाल्यावर सुरुवातीला काढलेला चार नोंदींचा कागद, ‘कितीवरून कितीवर’ हे दोन आकडे, मागच्या महिन्याच्या ग्लुकोमीटरच्या नोंदी आणि चालू गोळ्यांची यादी एकत्र करून पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे न्यावी. ओपीडीत वेळ थोडा असतो, त्यामुळे आपला प्रश्न एका वाक्यात आधीच लिहून ठेवावा : ‘ही चाचणी माझ्या वयाच्या आणि माझ्यासारखा विकार असलेल्यांवर झाली आहे, तर तिचा निष्कर्ष मला लागू होतो का?’ डॉक्टरांचे उत्तर मिळेपर्यंत चालू असलेली एकही गोळी किंवा इन्सुलिनचे एकही युनिट कमी-जास्त करू नये.